एनबीए असताना कॉलेज बास्केटबॉल कोण बघतं?

बॉयलरवाला (धागाकर्ता)

एनबीएच्या (अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या) धाग्यावर परवा एकाने विचारलं, "ते कॉलेजचं बास्केटबॉल लोक बघतात तरी का? निम्मे शॉट रिंगलाही लागत नाहीत." तिथेच उत्तर लिहायला घेतलं, पण ते इतकं वाढलं की अवांतर म्हणून उडालं असतं. म्हणून हा वेगळा धागा.

आधी पक्ष सांगून टाकतो. मी पर्ड्यूचा. इंडियाना राज्यात वेस्ट लाफायेट नावाचं गाव आहे. चहूकडे मका आणि सोयाबीन, मधोमध हे विद्यापीठ. टीमचं नाव बॉयलरमेकर्स आणि शुभंकर म्हणजे चक्क रेल्वेचं इंजिन. एमएसला असताना रूममेटच्या नादाने मॅकी अरीनात गेलो आणि अडकलो. तेव्हा नियमही धड माहीत नव्हते. चौदा हजारांवर माणसं एका दमात उठून ओरडायला लागतात तेव्हा नियमांवाचून काही अडत नाही.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: अमेरिकेत पहिल्या दर्जाची, म्हणजे डिव्हिजन वनची, साडेतीनशेच्या वर कॉलेजं आहेत. नोव्हेंबरपासून ती आपापल्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे कॉलेजांच्या ठरलेल्या गटात, आणि बाहेर खेळतात. मार्चमध्ये ६८ टीम निवडून एनसीएए या कॉलेज-खेळांच्या संस्थेची स्पर्धा होते, तीच मार्च मॅडनेस. चार विभाग, प्रत्येकात १ ते १६ अशी मानांकनं, म्हणजे सीड. पहिल्या फेरीत १ नंबर १६ शी, २ नंबर १५ शी. हरला तो घरी. सात मॅचची मालिका नाही, परतीचा सामना नाही. चाळीस मिनिटं, संपलं.

आता आमचा पराक्रम ऐका. २०२१ मध्ये आम्ही ४ सीड, हरलो नॉर्थ टेक्सासशी, जे होते १३. २०२२ मध्ये आम्ही ३ सीड, हरलो न्यू जर्सीच्या सेंट पीटर्सशी, जे होते १५. २०२३ मध्ये आम्ही थेट १ सीड. आमच्याकडे झॅक ईडी, सात फूट चार इंच, त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम खेळाडू. समोर फेअरली डिकिन्सन, म्हणजे एफडीयू. डिव्हिजन वनमधली उंचीने सगळ्यात बुटकी टीम. ती स्वतःच्या कॉन्फरन्सची स्पर्धासुद्धा जिंकलेली नव्हती. जिंकलेली मेरिमॅक खालच्या दर्जातून नुकतीच वर आली होती, म्हणून नियमाप्रमाणे अपात्र, आणि ती जागा यांना मिळाली. वर पात्रता फेरी खेळून आलेले. निकाल: एफडीयू ६३, पर्ड्यू ५८. त्यांनी ईडीच्या मागे-पुढे माणसं लावली आणि बाहेरून मारा म्हणून आम्हाला मोकळं सोडलं. आम्ही २६ थ्री (लांबून मारायचे तीन पॉइंटचे शॉट) मारले, ५ गेले.

१३, १५, १६. याच्या पुढे आकडाच नाही, नाहीतर तोही गाठला असता.

आणि तरी सांगतो, पुढच्या वर्षी जे झालं ते बघायला मी एनबीएची दहा वर्षं देऊन टाकीन. ईडी परत आला. जगभर हसं झालेली जवळपास तीच पोरं, तोच कोच मॅट पेंटर, जो स्वतः पर्ड्यूकडून खेळलेला. डेट्रॉइटला टेनेसीविरुद्ध ईडीने ४० पॉइंट मारले, मॅच ७२-६६ ने जिंकली आणि पर्ड्यू १९८० नंतर पहिल्यांदा फायनल फोरला, म्हणजे शेवटच्या चारात गेलं. तिथे पद्धत अशी की जिंकलेली टीम शिडी लावते आणि एकेकजण कात्रीने बास्केटची जाळी कापतो. ईडीला शिडीची जवळपास गरजच नव्हती. फायनलला यूकॉनने (कनेक्टिकट विद्यापीठाने) आम्हाला ७५-६० असं व्यवस्थित धुतलं, त्याबद्दल तक्रार नाही. ती टीम दोन वर्षांत स्पर्धेतल्या बाराच्या बारा मॅच दहापेक्षा जास्त फरकाने जिंकली होती.

माझं म्हणणं एवढंच. एनबीएमध्ये सात मॅच खेळवतात म्हणून बहुतेकदा चांगली टीम जिंकते. न्याय होतो. मला न्याय नको, मला ती भीती हवी.

---

नाक्यावरचा

तो प्रश्न विचारणारा मीच. :)

लिहिलंय झकास, पण तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध केलंत राव. २६ पैकी ५? याला दर्जा म्हणायचं? आणि चांगली टीम हरते यात मजा असेल तर नाणं उडवून बघत बसा. मी ठाण्यात बसून पहाटे उठायचं ते एनबीएतल्या स्टेफ करीसाठी उठीन, एखाद्या अकाउंटिंग शिकणाऱ्या पोराने एअरबॉल (रिंगलाही न लागणारा शॉट) मारलेला बघायला नाही.

---

ब्रॅकेटबहाद्दर

नाक्यावरचा, तुमचा करी डेव्हिडसन नावाच्या चिमुकल्या कॉलेजातून आलाय. २००८ मध्ये १० सीड डेव्हिडसनने गोंझागा, जॉर्जटाउन, विस्कॉन्सिन यांना घरी पाठवलं आणि कॅन्ससशी ५९-५७ असे हरले, नाहीतर फायनल फोर होतं. लोकांनी करीला पहिल्यांदा बघितलं ते तिथे. तेव्हा तोही सडपातळ पोरगाच होता, फक्त एअरबॉल मारत नव्हता.

नाण्याचं म्हणाल तर हिशेब करू. १९८५ पासून ६४ चा ढाचा आहे. २०२५ पर्यंत (२०२० ला कोविडमुळे स्पर्धाच नाही) १ विरुद्ध १६ अशा १६० मॅच झाल्या. १ नंबर हरला फक्त दोनदा. एक बॉयलरवाल्यांचं दुःख. दुसरं २०१८ मध्ये व्हर्जिनियाचं, यूएमबीसी नावाच्या मेरीलँडच्या कॉलेजने त्यांना ७४-५४ हाणलं. वीस पॉइंटनी! नाणं असतं तर ऐंशीदा हरायला हवं होतं. तेहतीस वर्षं लोक वाट बघत होते, दरवर्षी म्हणायचे यंदा होईल, आणि झालं तेव्हा असं एकतर्फी झालं की कुणाचा विश्वास बसेना.

व्हर्जिनियाचं पुढचं आणखी भारी आहे. पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, ते विजेते झाले. तेही कसे! पर्ड्यूविरुद्ध (सॉरी बॉयलरवाला) शेवटच्या सेकंदाला शॉट घालून ओव्हरटाइम, ऑबर्नविरुद्ध ०.६ सेकंद उरलेले असताना त्यांच्या काइल गाय या खेळाडूचे तीन फ्री थ्रो (फाऊलबद्दल मिळणारे मोकळे शॉट), ६३-६२, आणि फायनल पुन्हा ओव्हरटाइममध्ये.

---

बॉयलरवाला

त्या व्हर्जिनिया मॅचबद्दल या धाग्यावर बोलायला मनाई आहे. फ्री थ्रो चुकल्यावर चेंडू मागे अर्ध्या कोर्टात गेला होता. मागे! तो व्हर्जिनियाचा क्लार्क धावत गेला, चेंडू घेतला आणि तिथून नेमका पास टाकला. असो.

---

माजी_पॉइंट_गार्ड

नागपूरला विद्यापीठाकडून खेळले आहे, म्हणून थोडं खेळाच्या अंगाने लिहिते.

"दर्जा" म्हणजे फक्त शॉट जाणं नव्हे. एनबीएत सगळ्या टीम थोड्याफार एकसारखं खेळायला लागल्या आहेत, कारण सगळ्यांकडे सगळं करू शकणारे खेळाडू आहेत. कॉलेजात तसं नसतं. कुणाकडे उंची नाही, कुणाकडे नेमबाज नाही, मग कोच त्यावर काहीतरी तोड काढतो. शॉट क्लॉक, म्हणजे शॉट घ्यायला मिळणारा वेळ, ३० सेकंदांचा, एनबीएत २४ चा. ते सहा सेकंद दुबळ्या टीमला फार उपयोगी पडतात, खेळ संथ करता येतो. शिवाय बचाव करणाऱ्याने रिंगखाली तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं नाही हा एनबीएचा नियम कॉलेजात नाही. त्यामुळे खरीखुरी झोन, म्हणजे माणूस न धरता आपापली जागा राखून केलेला बचाव, बघायला मिळते. सिरॅक्यूज विद्यापीठ कोच जिम बोहाइमच्या हाताखाली वर्षानुवर्षं २-३ झोन खेळत राहिलं आणि समोरच्यांना दरवेळी ते कोडं नव्याने सोडवावं लागायचं.

१९९६ ची प्रिन्स्टन-यूसीएलए मॅच यूट्यूबवर शोधून बघा. यूसीएलए आदल्या वर्षीचे विजेते. प्रिन्स्टन आयव्ही लीगमधलं, तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. अंतिम गुणसंख्या ४३-४१. एनबीएत एवढे पॉइंट अर्ध्या वेळातच होतात. शेवटची बास्केट बॅकडोअर कटवर झाली. खेळाडू बाहेर यायचं दाखवतो, अंगावरचा बचावपटू त्याच्याबरोबर बाहेर येतो, आणि हा पाठीमागून आत सुटतो. प्रिन्स्टन वर्षानुवर्षं तेच करतं हे यूसीएलएला ठाऊक होतं. ठाऊक असूनही अडवता आलं नाही. माझ्यासारखीला ती एक चाल पन्नास डंकपेक्षा (उडी मारून वरून रिंगमध्ये कोंबलेल्या चेंडूंपेक्षा) प्रिय आहे.

आणखी एक नियम सांगते, कारण शेवटची पाच मिनिटं त्याच्यामुळे जीव खातात. पुरुषांच्या खेळात समोरच्या टीमचे अर्ध्या वेळात सात फाऊल झाले की "वन-अँड-वन" मिळतो. पहिला फ्री थ्रो गेला तरच दुसरा. पहिला हुकला की दुसरा मिळतच नाही आणि चेंडू सगळ्यांसाठी मोकळा. एकोणीस वर्षांचा मुलगा, दोन पॉइंटची आघाडी, बास्केटच्या मागे समोरच्या कॉलेजची पोरं हात हलवून वेडीवाकडी चित्रं नाचवतायत. तिथे उभं राहून बघा म्हणजे दर्जा कळेल. (महिलांच्या खेळात हा नियम नाही. तिथे दहा मिनिटांचे चार भाग आणि पाचव्या फाऊलला सरळ दोन थ्रो.)

---

सदाशिव_पेठी

एकंदरीत हे अमेरिकेतलं पुरुषोत्तम करंडक दिसतंय. भरत नाट्य मंदिराबाहेर "अरे आव्वाज कुणाचा" म्हणून जी पोरं घसा बसेपर्यंत ओरडतात त्यातल्या निम्म्यांनी आपल्याच कॉलेजची एकांकिका पाहिलेली नसते. आणि निकाल लागल्यावर परीक्षकांना नाटक कळत नाही यावर एकमत. बरोबर ना?

---

बॉयलरवाला

पेठेतले भाऊ, शंभर टक्के बरोबर, फक्त परीक्षकांच्या जागी रेफरी.

फरक एकच. आपल्याकडे ते वेड कॉलेज सुटलं की बहुधा सुटतं. मॅकीत माझ्या मागच्या रांगेत सत्तरी ओलांडलेलं जोडपं बसायचं, दोघं तिथेच शिकलेली. आजोबा प्रत्येक फाऊलला उभे राहायचे आणि आजी त्यांना कोटाला धरून खाली बसवायच्या. खेळाडू चार वर्षांनी जातात, कोच बदलतात, पण त्यांची जागा तीच. आणि मॅच लाफायेटच्या थंडीत, बरं का. बाहेर उणे पंधरा आणि आत टी-शर्टवर.

एक गोष्ट लिहायची राहिली होती: वॉक-ऑन. शिष्यवृत्ती न मिळालेली, तरी टीमसोबत रोज घाम गाळणारी मुलं. वर्षभर सरावात उद्याच्या विरोधी टीमची नक्कल करायची आणि मॅचमध्ये बेंचवर बसून टॉवेल फिरवायचा. आपण वीस-पंचवीसने पुढे असू तर शेवटच्या मिनिटाला कोच त्यांना आत पाठवतो. तेव्हा मॅकीत जो गलका होतो तो ईडीच्या डंकलाही होत नसे. त्या पोराने शॉट घेतला की सगळं स्टेडियम श्वास रोखतं, आणि गेला तर बेंचवरचे बाकीचे एकमेकांच्या अंगावर पडतात. एनबीएतला बारावा खेळाडूसुद्धा कोट्यधीश असतो, त्याच्यासाठी असं कोण ओरडणार?

---

कॅरीकर

आमच्या घरात शांतता हवी म्हणून मी या विषयावर सहसा बोलत नाही, पण आता राहवत नाही.

आम्ही नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीला. नवरा एनसी स्टेटचा (नॉर्थ कॅरोलायना स्टेट), लेक चॅपल हिलला म्हणजे यूएनसीला (नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ), आणि शेजारचे काका ड्यूक विद्यापीठाच्या हॉस्पिटलात. ड्यूक आणि यूएनसी यांच्यात रस्त्याने जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटरचं अंतर. दोन्हीकडे निळा रंग, एकाचा गडद, एकाचा फिका. दुकानात शर्ट घेताना छटा तपासून घ्यावी लागते, नाहीतर जेवायच्या टेबलावर टोमणे.

ड्यूकचं कॅमेरॉन स्टेडियम १९४० चं, ९,३१४ जागांचं. आपल्याला वाटतं एवढं मोठं नाव, पन्नास हजारांचं असेल. मुलं कोर्टाला इतकी खेटून उभी असतात की चेंडू आत फेकणाऱ्या खेळाडूच्या कानात ओरडतात. यूएनसीविरुद्धच्या मॅचसाठी ड्यूकची मुलं भर थंडीत आठवडेच्या आठवडे बाहेर तंबू ठोकून राहतात. त्या तंबूंच्या वस्तीला कोच माइक शशेफ्स्की यांच्या नावावरून शशेफ्स्कीव्हिल म्हणतात. (आडनावाच्या उच्चारावर वाद घालू नका, इथे सगळे "कोच के" म्हणून मोकळे होतात.)

२०२२ चं सांगते. कोच के बेचाळीस वर्षांनी निवृत्त होणार होते. कॅमेरॉनमधली त्यांची शेवटची मॅच यूएनसीशीच. जुने खेळाडू डझनांनी आलेले, तिकिटांचे भाव आकाशाला, आणि यूएनसी ९४-८१ ने जिंकलं. लेकीने त्या रात्री घर डोक्यावर घेतलं. आम्हाला वाटलं, झालं, संपलं. पण महिन्याभराने फायनल फोरला पुन्हा हेच दोघं समोरासमोर! इतक्या वर्षांच्या वैरात एनसीएए स्पर्धेत ते त्याआधी एकदाही भेटले नव्हते. पहिली भेट, तीही कोच के यांच्या शेवटच्या वर्षी. यूएनसी ८१-७७. ती त्यांच्या कारकिर्दीतली शेवटची मॅच ठरली. शेजारचे काका आठवडाभर आमच्याकडे चहाला आले नाहीत.

फायनलला यूएनसी अर्ध्या वेळेला पंधराने पुढे होतं आणि कॅन्ससशी ७२-६९ असं हरलं. मग काका चहाला आले.

---

कॅरीकर

नवरोबांचं म्हणणं आहे की स्टेटबद्दल लिहिलं नाही तर आज भांडी मी घासायची. म्हणून पुरवणी.

२०२४. एनसी स्टेट शेवटच्या चार मॅच हरून १७-१४ वर आलेलं, कॉन्फरन्समध्ये दहावं. एनसीएए स्पर्धेत जायचा एकच रस्ता उरला होता: कॉन्फरन्सची स्पर्धा जिंकायची. म्हणजे पाच दिवसांत पाच मॅच. त्यात ड्यूकला हरवलं, सेमीफायनलला व्हर्जिनियाविरुद्ध शेवटच्या क्षणी बोर्डवर आपटून गेलेल्या थ्रीवर ओव्हरटाइम मिळवला, फायनलला यूएनसीला हरवलं. १९८७ नंतरची पहिली ट्रॉफी. तिथून पुढे ११ सीड म्हणून थेट फायनल फोरपर्यंत, वाटेत ड्यूकला पुन्हा एकदा झोडून. डीजे बर्न्स नावाचा गोलमटोल, हसरा गडी, पाठ लावून हळूहळू ढकलत आत शिरायचा आणि डाव्या हाताने अलगद टाकायचा. त्याच्या प्रेमात पडायला स्टेटचं असायची गरज नव्हती.

मग बॉयलरवाल्यांच्या ईडीने संपवलं. ६३-५०. बॉयलरवाला, तुमचा धागा म्हणून सोडून देतेय.

---

जर्सीचा_जावई

सेंट पीटर्सचं नाव निघालं म्हणून हजेरी लावतो. सासुरवाडी जर्सी सिटीत. न्यूअर्क अव्हेन्यूवर जिथे मिठाई, साड्या, वाणसामान मिळतं ते इंडिया स्क्वेअर सगळ्यांना माहीत. सेंट पीटर्स त्याच गावात, दोन-तीन हजार विद्यार्थ्यांचं जेझुइट कॉलेज. मार्च २०२२ पर्यंत अनेकांनी त्याच्यासमोरून जाऊनही नाव वाचलेलं नव्हतं, त्यात आमचे सासरेबुवाही आले.

टीमचं नाव पीकॉक्स. मोर! पहिल्या फेरीत २ सीड केंटकीला ओव्हरटाइममध्ये ८५-७९. केंटकीच्या कोचचा पगार कोट्यवधी डॉलर, यांच्या अख्ख्या कार्यक्रमाचं बजेट त्याच्या पासंगाला पुरणार नाही. मग मरी स्टेट, मग पर्ड्यू ६७-६४ (क्षमस्व). १५ सीड असून शेवटच्या आठात पोचलेली ती पहिलीच टीम. सासरेबुवा क्रिकेटशिवाय काही न बघणारे, पण शेवटी "आपले मोर कधी खेळणार" म्हणून विचारायला लागले.

पण पुढचंही लिहायला हवं. यूएनसीने हरवल्यावर काही दिवसांत कोच शाहीन हॉलोवे सीटन हॉलला गेले आणि बहुतेक खेळाडू ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलायच्या यादीत नाव घालून, दुसरीकडे. पुढच्या मोसमात ओळखीचं जवळपास कुणी राहिलं नाही. दोष कुणाचाच नाही. पण बॉयलरवाला म्हणतात ते "तीच पोरं, तोच कोच" हे फक्त मोठ्यांनाच परवडतं.

---

नाक्यावरचा

हेच विचारणार होतो. हल्ली या पोरांना पैसे मिळतात ना? मग "कोट्यधीश नाहीत" हा मुद्दा कुठे उरला?

---

ब्रॅकेटबहाद्दर

उरला नाही फारसा. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःचं नाव आणि चेहरा वापरून जाहिरातीतून कमावता येतं. त्याच सुमारास एकदा कॉलेज बदललं तर वर्षभर बाहेर बसायची अटही गेली. आणि जून २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठं थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षी एका विद्यापीठाची सगळ्या खेळांची मिळून मर्यादा होती सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर.

परिणाम डोळ्यांसमोर आहे. २०२५ मध्ये फायनल फोरला चारही १ सीड. आधी असं फक्त एकदा, २००८ ला झालं होतं. शेवटच्या सोळातले सगळे फक्त चार बड्या कॉन्फरन्समधले. छोट्या कॉलेजात एखादा चमकला की पुढच्या वर्षी त्याला मोठं कॉलेज उचलतं. पुढचा करी डेव्हिडसनमध्ये तीन वर्षं थांबेल का, मला शंका आहे.

---

माजी_पॉइंट_गार्ड

इथे मला वाद घालायचाय. पोरांना पैसे मिळतात हे वाईट कसं? टीव्हीवाले कमावतात, कोच कमावतात, विद्यापीठं कमावतात, आणि ज्याच्यासाठी लोक येतात त्याने "शुद्ध" राहायचं? २०१४ ला यूकॉनला विजेतेपद मिळवून देणारा शबाझ नेपियर त्याच सुमारास सांगत होता की काही रात्री उपाशी झोपावं लागतं. त्या शुद्धतेचं कौतुक प्रेक्षकांनी करू नये.

राहिली स्पर्धा. २०२५ ला छोट्या टीम लवकर गेल्या हे खरं, पण फायनल बघितली का? फ्लोरिडा बाराने मागे पडून ह्यूस्टनविरुद्ध ६५-६३ ने जिंकलं. शेवटच्या क्षणी ह्यूस्टनचा शार्प थ्रीसाठी उडाला, समोरून फ्लोरिडाचा क्लेटन झेपावला, आणि शार्पला हवेतच चेंडू सोडून द्यावा लागला. तो पुन्हा पकडला तर नियमभंग, म्हणून तिथेच उभा, चेंडू टप्पे खातोय आणि वेळ संपली. शॉट घेताच आला नाही. अशी फायनल पैशाने बिघडली असं कुणी म्हणावं!

आणि महिलांच्या खेळाबद्दल या धाग्यावर माझ्याशिवाय अजून कुणी एक ओळ लिहिलेली नाही, याची नोंद घेतली आहे. :) २०२४ ची महिलांची फायनल, साउथ कॅरोलायना ८७, आयोवा ७५, अमेरिकेत १ कोटी ८९ लाख लोकांनी बघितली. पुरुषांची त्याच वर्षीची १ कोटी ४८ लाखांनी. महिलांनी पुरुषांना मागे टाकण्याची ती पहिलीच वेळ. आयोवाची केटलिन क्लार्क हे मोठं कारण, कारकिर्दीत ३,९५१ पॉइंट. पण कोच डॉन स्टेलीची साउथ कॅरोलायना त्या वर्षी ३८-० होती हे लोक विसरतात. क्लार्क आयोवात जन्मली, आयोवात शिकली, चार वर्षं तिथेच खेळली. मुलींच्या मॅचला बाहेर गर्दीमुळे रस्ते तुंबलेत हे बघून मला काय वाटलं असेल ते इथल्या मुलींना सांगायला नको. आमच्या फायनलला प्रेक्षक म्हणजे दोन्ही टीमच्या आया आणि मैदानाचा रखवालदार.

---

सदाशिव_पेठी

रखवालदार कुणाच्या बाजूने होता?

---

माजी_पॉइंट_गार्ड

जी टीम लवकर हरून मैदान रिकामं करेल तिच्या.

---

बॉयलरवाला

ताई, दोन्ही मुद्द्यांना अनुमोदन. महिलांचं मी लिहायला हवं होतं.

पैशाबद्दल माझंही मत तेच आहे, फक्त मनात एक कुसळ राहतं. नव्या व्यवस्थेतही आमचे ब्रेडन स्मिथ आणि फ्लेचर लॉयर चौथ्या वर्षापर्यंत पर्ड्यूतच राहिले, २०२३ ची ती एफडीयूची रात्र भोगलेले. थांबायला पैसे मिळाले असतील, मिळू देत. दुसरीकडे जास्त मिळाले असते.

आणि जुन्या काळीही सगळं गोड नव्हतं. लोयोला मेरीमाउंट या कॉलेजची गोष्ट कुणाला माहीत आहे का? १९९० चं लॉस एंजेलिस. कोच पॉल वेस्टहेडची टीम सतत धावायची, सरासरी मॅचला १२० च्या वर पॉइंट. हँक गॅदर्स आणि बो किंबल, दोघं फिलाडेल्फियाचे लहानपणापासूनचे मित्र. ४ मार्च १९९० ला कॉन्फरन्सच्या स्पर्धेत गॅदर्स कोर्टवरच कोसळला आणि गेला. हृदयाचा त्रास आधीच कळलेला होता, उपचार चालू होते, त्यावरून नंतर खटलेही झाले. टीम तरी एनसीएए स्पर्धेत उतरली, ११ सीड म्हणून. गॅदर्स उजव्या हाताचा, पण फ्री थ्रो धड जात नाहीत म्हणून ते डाव्याने मारायला लागला होता. किंबलने ठरवलं, प्रत्येक मॅचमधला आपला पहिला फ्री थ्रो हँकसाठी डाव्या हाताने. पहिल्या मॅचला मारला, गेला. पुढच्या मॅचला आदल्या वर्षीच्या विजेत्या मिशिगनला त्यांनी १४९-११५ हरवलं. शेवटच्या आठात थांबले, लास व्हेगासच्या यूएनएलव्हीसमोर, जे पुढे विजेते झाले.

मी तो डाव्या हाताचा थ्रो यूट्यूबवरच बघितलाय. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, बघा.

---

नाक्यावरचा

बघितला. ठीक आहे, तुम्ही जिंकलात, निदान अर्धे. आता व्यवहाराचं बोला. ठाण्यातून बघायचं तर कधी, कुठून सुरुवात करू? आणि टीम कोणती धरू? आपलं तर तिथे कुठलंच कॉलेज नाही.

---

ब्रॅकेटबहाद्दर

मोसमभर बघायला लागू नका, कंटाळाल. पहिल्या वर्षी फक्त मार्च.

रविवारी ६८ टीम जाहीर होतात. लगेच ब्रॅकेट भरायचा, म्हणजे ६३ मॅचचे अंदाज. सगळे बरोबर यायची शक्यता, प्रत्येक मॅच नाणं धरली तर, ९२ हजार कोटी कोटींत एक. नोंद असलेला विक्रम ओहायोतल्या एकाचा, २०१९ ला पहिल्या ४९ मॅच अचूक. आमच्या ऑफिसच्या पूलमध्ये (सगळ्यांच्या ब्रॅकेटच्या स्पर्धेत) दरवर्षी जिंकतं कोण? ज्याने टीमची चिन्हं बघून भरलाय तो. वाघ अस्वलाला हरवेल, अस्वल बदकाला. मी आकडेवारीचे तक्ते बनवतो आणि पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी तोंड लपवतो.

पहिली फेरी गुरुवार-शुक्रवार, दोन दिवसांत ३२ मॅच. भारतात गुरुवारी रात्री पावणेदहाच्या सुमाराला सुरू आणि शुक्रवारी सकाळी चहा-पोहे होईस्तोवर चालू. एका वेळी चार मॅच असतात, जिथे फरक तीन पॉइंटच्या आत आहे तिथे उडी मारायची. फायनल सोमवारी रात्री तिकडे, म्हणजे इकडे मंगळवारी सकाळी सहा-साडेसहाला.

टीम धरू नका. १२ ते १५ सीडमधली जी दुपारच्या मॅचला अर्ध्या वेळेला पुढे असेल ती तुमची. टिकली तर आठवडाभर मजा, हरली तर शुक्रवारी दुसरी.

---

कॅरीकर

टीम धरायची असेल तर फिका निळा. एवढंच सांगते.

---

ब्लूमिंग्टनचा_बाब्या

उशिरा आलो, पण आख्खा धागा इंडियानावर आणि त्यात पर्ड्यूचाच उदो उदो? नाक्यावरचा, टीम धरायची तर इंडियाना विद्यापीठ धर भावा. पाच विजेतेपदं. १९७६ ची आमची टीम ३२-०, त्यानंतर पुरुषांमध्ये आजवर एकही टीम न हरता विजेती झालेली नाही. बॉयलरवाला, तुमची एनसीएए विजेतेपदं किती हो? ऐकू आलं नाही.

---

बॉयलरवाला

तुमचं शेवटचं विजेतेपद १९८७ चं. तेव्हा मी बालवाडीत होतो.

---

ब्लूमिंग्टनचा_बाब्या

आकडा विचारला होता, वय नाही.

---

बॉयलरवाला

शून्य. पण तुमच्या कोच बॉब नाइटने रेफरीवर चिडून कोर्टावर खुर्ची भिरकावली ती मॅच आठवते का? २३ फेब्रुवारी १९८५, तुमच्याच घरी, आमच्याविरुद्ध. खुर्ची सगळ्यांना आठवते, निकाल कुणी सांगत नाही. पर्ड्यू ७२, इंडियाना ६३.